कडेवर

गुंडी रडत नव्हती, हीच तक्रार. लोक पोर रडतं म्हणून डॉक्टरकडे धावतात. ही आई उलटंच गाऱ्हाणं घेऊन आली होती.

"मी घराबाहेर पडले तरी मान वर करत नाही, मॅडम. दीड वर्षाची झाली. नणंद विचारते, शेजारणीचं लेकरू सांभाळतेस की काय!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "ती मला आई मानते का, एवढंच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी अशी कैक पोरं तपासली होती. तपासणीची खोली ठरलेली: भिंती पांढऱ्या, चटई निळी, ठोकळे, आईसाठी एक खुर्ची. आईने जरा खेळायचं, मग उठून पॅसेजमध्ये जायचं, थोड्या वेळाने परत यायचं. पोर कुणासाठी रडतं, कुणाला बिलगतं, ते बाईंनी काचेमागून बघायचं. आतून ती काच नुसता आरसा दिसायची.

आई उठली. गुंडीने ढुंकूनही पाहिलं नाही.

दार लागलं, तशी पोरगी ठोकळा टाकून तुरुतुरु खुर्चीपाशी गेली. रिकाम्या खुर्चीकडे बघून खुदकन हसली. दोन्ही हात वर केले, टाचा उचलल्या. कडेवर घे म्हणताना पोरं करतात, अगदी तसं.

सवय, दुसरं काय, असं बाईंनी मनाशी म्हटलं. आई तिथेच तर बसली होती.

आई आत आली. गुंडी किंचाळून खुर्चीमागे लपली.

बाईंनी खुर्ची स्वतः उचलून बाहेर नेली. "पुन्हा एकदा करू, ताई."

या वेळी आई बाहेर जाताच गुंडी कोपऱ्यात गेली. तिथे काहीच नव्हतं. वर बघत बडबडायला लागली. जरा बोलायची, मग गप्प होऊन कान द्यायची, मान डोलवायची, पुन्हा बोलायची.

या वयाची पोरं बाहुलीशीही बोलतात. पण बाहुलीचं ऐकून घेत नाहीत.

बाईंनी आईला घाईघाईने आत पाठवलं आणि मागोमाग स्वतः गेल्या. गुंडीने भोकाड पसरलं होतं. तोंड कोपऱ्याकडे.

"रडतेय!" आई दारातच थबकली. "मॅडम, माझ्यासाठी?"

बाई रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

"सांगा ना."

"हो," बाई म्हणाल्या.

आईचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे पुसले, लेकीला उचलून खांद्यावर घेतलं. गुंडी धडपडली, आईच्या पाठीवरून मागे वाकली आणि एकदम शांत झाली.

"बघा, कशी निवांत निजली! पहिल्यांदाच हो."

ती पॅसेजमधून निघाली. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

गुंडीचं डोकं आईच्या खांद्यावर नव्हतं. खांद्याच्या मागे, वीतभर लांब, हवेत टेकलं होतं. आणि तिचा गुबगुबीत गाल एका बाजूने दबून चपटा झाला होता.