वारा नव्हता

ती दहा हजार मीटरची शर्यत मी जिंकले.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. निकालपत्रकात ते नाही, वर्तमानपत्रात नाही, आणि आमच्या सरांसमोर कुणी विषय काढलाच तर ते चष्मा पुसायला लागतात. तेव्हा आपणही नव्याने सुरुवात करू. काही झालंच नाही.

तर, काहीही झालं नव्हतं. पाऊस नुकताच थांबला होता. ट्रॅक ओला, लालभडक. हवा इतकी स्तब्ध की मैदानाभोवतीचे झेंडे धुऊन वाळत घातल्यासारखे लोंबत होते. शर्यतीआधी अंग गरम करायला मी हळूहळू पळत होते, आणि शेवटच्या रेषेपाशी एक मुलगा पितळी घंटेला कान लावून उभा होता.

"काय म्हणतेय?" मी थांबून विचारलं.

तो दचकला. "अं... गप्प आहे."

"घंटा आहे ती. वाजवल्याशिवाय बोलायची नाही."

"सवय हो. मी घड्याळं दुरुस्त करतो. काहीही हातात आलं की आधी कान लावतो." मग जरा थांबून, "वस्तूंनाच लावतो. माणसांना नाही."

"बरं झालं सांगितलंत. मी दोन पावलं मागे सरणारच होते."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई उजवीच्या जरा आधी वर गेली. घड्याळजीची भुवई पुढे धावते, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

कळलं ते असं की मुख्य पंच त्याचे सख्खे मामा. नेहमीच्या घंटेवाल्यांचं मनगट सकाळीच मुरगळलं होतं, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना. मामा भाच्याला म्हणाले, तुझा वेळेशी संबंध आहे, तू ये.

"काम सोपं आहे," तो मला समजावू लागला, जणू मी पळायला नाही, भाजी घ्यायला आले होते. "सगळ्यात पुढे जी असेल तिच्या फेऱ्या मोजायच्या. पंचवीसपैकी चोवीस झाल्या की घंटा. म्हणजे तिला कळतं, आता शेवटची."

"आणि सगळ्यात पुढे कोण असणार?"

"ते मला काय माहीत? मी पहिल्यांदाच आलोय." तो माझ्या टी-शर्टाकडे बघत होता. "तुमचा नंबर काय?"

"पाठीवर आहे."

"पाठ तर तुम्ही दाखवतच नाही आहात."

"दाखवते की," मी म्हणाले, आणि वळून पळाले.

साधं हळू पळायचं सोडून मी एक अख्खी फेरी अशी मारली की सरांनी लांबून ओरडून विचारलं, कुत्रं लागलंय का मागे? रेषेपाशी आले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता... आणि बघता बघता त्याने हातातल्या पाटीवर खडूने एक रेघ ओढली. मला वाटलं, खडू उमटतो का बघतोय.

आता माझं काय पणाला लागलं होतं, ते सांगते. पहिल्या तिघींची पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. माझी झाली तर मी पळत राहणार. नाही झाली, तर बाबांच्या दुकानात बसणार. आमचं गाद्यांचं दुकान आहे. ज्या घराने आयुष्यभर लोकांना आडवं केलं, त्या घरात एक मुलगी उठून पळत सुटते, हे बाबांना कधी झेपलंच नाही. "यंदाचं शेवटचं," ते म्हणाले होते, "मग गपगुमान गादीवर बस."

शर्यत सुरू झाली.

मी पहिल्यापासून पुढे. माझ्या मागे जिराफताई. उंचीने आणि वयाने दोन्हीकडून मोठी, म्हणून जिराफही आणि ताईही. तिच्या मागे छोटी, आमच्यातली सगळ्यात लहान, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. फेऱ्या दाखवणारे आकड्यांचे पुठ्ठे पावसात भिजून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे आम्ही बराच वेळ सतरा नंबरच्या फेरीत होतो. मी स्वतः फेऱ्या मोजत नाही. मोजल्या की पाय भांडायला लागतात.

दर फेरीला तो दिसायचा. दर फेरीला एक रेघ. एका फेरीत मी त्याच्याकडे बघितलं नाही, तर पुढच्या फेरीत त्याचा चेहरा असा पडला होता की मी बघितलं. दमलेल्या माणसाला कसला ना कसला आधार लागतो. मला भुवईचा होता.

आणि मग घंटा वाजली.

काय वाजवली! शाळा सुटल्यासारखी. माझ्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. मी सुटले. सगळं मैदान ओरडत होतं. आतल्या बाजूने सर दोन्ही हात हलवत किंचाळत होते, "अजून एक! अजून एक!"

आता इथे तुम्ही म्हणाल, मग ऐकायचं होतं ना. पण आमचे सर रोज सरावाच्या शेवटी "अजून एक" म्हणतात. मग ती एक झाली की पुन्हा "अजून एक" म्हणतात. एकदा ते फोनवर चहाचं सांगत होते, "अजून एक," तर आम्ही चौघीजणी उठून पळायला लागलो. या माणसाच्या "अजून एक"वर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही घाम गाळून शिकलेलो.

मी रेषा ओलांडली. हात वर केले. डोळे मिटले. थांबले.

मी जिंकले.

पुढच्या क्षणी जिराफताई माझ्या पाठीवर येऊन आदळली.

तिने फेऱ्या मोजल्या होत्या. तिला माहीत होतं एक बाकी आहे. शर्यतीच्या मधोमध कुणी पुतळा होऊन उभं राहील, हे मात्र तिला माहीत नव्हतं. आम्ही दोघी गडगडत गेलो. तिच्या बुटांचे खिळे माझ्या पोटरीवरून गेले, तिचा घोटा माझ्याखाली वळला, आणि दोन वेगवेगळे मोजे आमच्यावरून उडी मारून पुढे निघून गेले.

"पळ!" जिराफताई ओरडली. "एक फेरी राहिलीय, गाढवे, पळ!"

मी उठले. चार पावलं गेलेसुद्धा. मग मागे बघितलं. ती उठायला गेली आणि तिचा पाय तिच्याशी बोलेनासा झाला होता.

मी परत आले.

"तू परत का आलीस?"

"घोटा माझ्यामुळे गेलाय."

"म्हणून निवड घालवशील? अक्कल आहे का?"

"असती तर थांबले असते का?"

तिने माझ्या खांद्यावर हात टाकला. ती इतकी उंच की तो हात मला वरून आल्यासारखा वाटला. आम्ही लंगडत निघालो. तेव्हा घंटा पुन्हा वाजली, या वेळी बरोबर जागी आणि इतकी हळू की जणू "सॉरी" म्हणत होती.

ती अख्खी फेरी आम्ही भांडलो. चूक माझी, नाही माझी, मी बघून पळायचं, मी सांगून थांबायचं. रेषेपाशी पोचलो तर दोघी अडलो.

"तू आधी."

"ताई, तुम्ही आधी. तुम्ही मोठ्या."

"तू पुढे होतीस."

"ते चुकून."

शेवटी पंचांनीच हात जोडले तेव्हा आम्ही एकदम पाय टाकला. बाकी सगळ्या कधीच पाणी पिऊन आल्या होत्या.

प्रथमोपचाराच्या खोलीत बर्फाची पिशवी घेऊन आला तो नर्स नव्हता.

"द्या इकडे," मी म्हणाले.

"मी धरतो."

"तुम्ही काही धरू नका. आज तुमच्या हातून पुरेसं झालंय."

तो खाली बसला, पिशवी माझ्या पोटरीवर टेकवली. इतक्या हलकेच... घड्याळातला काटा बसवावा तशी. थंडीने मी शहारले. म्हणजे बर्फाच्या थंडीने. नोंद असावी.

"मला... एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "चूक कशी झाली ते."

तेवढ्यात सरांनी दार उघडलं. "चला! समितीसमोर! पुन्हा शर्यत मिळतेय!"

समितीच्या खोलीत टेबलामागे तिघं होते. मधोमध मामा, टेबलावर आरोपी म्हणून घंटा. नियम मामांनी वाचून दाखवला: माणसाची चूक असेल तर निकाल कायम. घंटा एखाद्या बाह्य कारणाने वाजली असेल, तर सगळा निकाल रद्द आणि पंधरा दिवसांनी शर्यत पुन्हा. मामांनी घंटेकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. "वारा होता का रे?"

"वारा," शेजारचे पंच म्हणाले, "बरा होता."

"घोंगावत होता," सर म्हणाले. सर जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले.

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं तर तो वारा म्हणणार होता, हे मला दिसलं. त्याची अब्रू वाचत होती, मामांची मान वर राहत होती, आणि पंधरा दिवसांत माझी पोटरी भरून निघत होती. जिराफताईला मात्र महिनाभर प्लास्टर होतं.

खिडकीबाहेर छोटी फोनवर बोलत होती. "आई, तिसरी आले! शेवटच्या फेरीत दोघींनी मागे टाकलं मला. ...नाही गं, तिघीच नव्हत्या पळत!"

पंचवीस फेऱ्या तिने मनात मोजल्या होत्या. तिला कुठली भुवई नव्हती.

"वारा नव्हता," मी म्हणाले. "झेंडे बघितले मी. एकही हलत नव्हता."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मामांनी खोल श्वास सोडला. "मग बाळा," ते भाच्याला म्हणाले, "चोवीसच्या जागी तेवीसला घंटा का वाजवलीस?"

"माझ्या रेघा चोवीसच होत्या, मामा."

"कशा?"

त्याने पाटी टेबलावर ठेवली. कान सरांपेक्षा लाल. "मी... यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून मोजत होतो. शर्यतीच्या आधीपासून. ती फेरीसुद्धा धरली मी. पुढे कोण असणार म्हणून त्यांनी विचारलं होतं ना... मला वाटलं, याच."

नोंदी घेणाऱ्या काकांनी पेन उचललं, कागद खालीवर बघितला, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"मानवी चूक," मामा म्हणाले. मग भाच्याकडे बघून, "मोठी आहे."

निकाल कायम राहिला.

पुढच्या आठवड्यात मी गाद्यांच्या दुकानात बसले. दुसऱ्याच दिवशी तो आला. गादी बघायची म्हणाला, आडवा झाला, आणि आडवाच राहिला.

"हा मुलगा गादी घेणार आहे," बाबांनी मला विचारलं, "की राहणार आहे?"

"अजून ठरलं नाही, काका," तो छताकडे बघत म्हणाला. "त्यांच्यावर आहे."

"कापूस छान आहे," मी म्हणाले. "घाई नको."

तिसऱ्या दिवशी कुबड्या टेकत जिराफताई आली, दारातून वाकून आत शिरली आणि बाबांना सगळं सांगून मोकळी झाली: घंटा, घोटा, वारा. मी बाबांना फक्त "नंबर आला नाही" एवढंच सांगितलं होतं. बाबा ऐकत राहिले. त्यांच्या हातात एक खोळ होती, ती ते पुन्हा पुन्हा घडी करत होते.

"म्हणजे वारा म्हणाली असतीस तर शर्यत परत मिळत होती?"

"हो."

"मग का नाही म्हणालीस?"

"तुम्ही जुना कापूस नव्या खोळीत भरून नवी गादी म्हणून विकता का?"

बाबांनी खोळ खाली ठेवली. बराच वेळ नाक शिंकरलं. गाद्यांच्या धंद्यात धूळ फार असते. "पुढच्या वर्षीपण पळ," ते म्हणाले. मग गादीवरच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवून, "पण मोजायला दुसरा माणूस घे."

तो उठून बसला. डावी भुवई वर. उजवी अजून यायची होती.

"नाही बाबा," मी म्हणाले, "मोजायला हाच. मला... जास्तीची एक आवडते."

उजवी भुवईपण आली.

आता तो रोज संध्याकाळी मैदानावर येतो. मी पळते, तो मोजतो, आणि एकही आकडा कुणाशी जुळत नाही. सर म्हणतात, अजून एक. आता मी त्यांचं ऐकते. सबब मी समितीकडे पुढीलप्रमाणे अर्ज केला आहे.

प्रति, तांत्रिक समिती.

विषय: एका फेरीस मान्यता मिळणेबाबत.

महोदय, सदर शर्यतीपूर्वी अर्जदाराने पाठीवरचा नंबर दाखवण्यासाठी मारलेली फेरी अधिकृत धरण्यात यावी. वाऱ्यावर घेतलेला संशय लेखी मागे घेण्यात यावा. तसेच त्या फेरीपासून संबंधित घंटेवाल्याने जी मोजणी सुरू केली आहे, ती अद्याप चालू असल्याने, तिच्या शेवटच्या फेरीची घंटा आपल्या कार्यालयाने कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही हस्ते, कधीही वाजवू नये, ही नम्र विनंती.