लाल निशाण

"अहो मॅडम, बाजूला... बाजूला व्हा!"

मी वळून पाहते तोच एक उंच माणूस माझ्या खांद्याला चाटून गेला आणि पुढच्या वाळूत जाऊन आपटला. मी त्याच्या धावपट्टीच्या मधोमध उभी होते.

"लागलं असतं ना मला!"

"मला काय गुदगुल्या झाल्या?" भुवईवरची वाळू झटकत तो हसला.

तो आमच्या भागातला नवा पोस्टमन. टपाल वाटून झालं की मैदानावर लांब उडीचा सराव करायचा. मी गणिताची शिक्षिका. बाबा दोन आठवड्यांवर आलेल्या जिल्हा मैदानी स्पर्धेचे मुख्य पंच. माणसं कमी पडली म्हणून त्यांनी मला उडीच्या फळीपाशी नेमलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग दोन आठवडे रोज संध्याकाळी त्यानंच शिकवलं.

"ही फळी. इथून उडायचं. पुढे ही मऊ पट्टी, तिच्यावर बुटाचा ठसा उमटला की उडी बाद. तुम्ही लाल निशाण दाखवायचं. नाहीतर पांढरं."

"आणि तिहेरी उडी?"

"आधी लंगडी, मग ढांग, मग उडी..." करून दाखवताना तो धडपडला. मुद्दाम की खरंच, देव जाणे! मला हसू आवरेना. तो मात्र उठेचना, बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... गणिताच्या बाई हसतात, हे माहीत नव्हतं."

घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

स्पर्धेच्या दिवशी त्याची शेवटची उडी उरली. वय एकोणतीस, गुडघा कुरकुरणारा. राज्याच्या संघात जायची ही अखेरची संधी, हे त्यानंच मला सांगितलेलं. तो धावत आला, उडाला... आणि मैदानभर टाळ्या! दिवसातली सर्वांत लांब उडी.

मी वाकून पाहिलं. मऊ पट्टीवर नखाएवढा ठसा होता.

"नक्की?" बाबांनी हळूच विचारलं.

"नक्की." आणि मी लाल निशाण वर केलं.

त्यानं येऊन ठसा पाहिला, बॅग उचलली आणि निघून गेला.

चार दिवस टपाल दुसऱ्यानंच आणलं. पाचव्या दिवशी दारात तो उभा.

"रागावलात?"

"हो. दोन दिवस."

"आणि उरलेले दोन?"

"धीर गोळा करत होतो. ठसा माझाच होता हो... तुम्ही पांढरं दाखवलं असतंत, तर मी संघात गेलो असतो. पण तुमच्या डोळ्यांत बघता आलं नसतं." त्यानं बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला. "लग्न कराल माझ्याशी?"

आतून बाबा ओरडले, "कोण आहे गं?"

"पोस्टमन, बाबा."

"मग एवढा वेळ कशाला?"

त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "रजिस्टर आलंय, बाबा... माझ्याच नावाचं. घेतेय मी."