लेन्स बरोबर होती

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता भोपू शेजारी बसलाय म्हणून पळता येत नाही. भोपू माझा मित्र. नाटकात काम करतो, आणि घरातसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतो.

तीन आठवड्यांपूर्वी मी फोटोवाल्यांच्या याच ग्रुपवर लिहिलं होतं की एका दुरुस्तीच्या दुकानाने माझी लेन्स बिघडवली. ते खोटं होतं. पण पहिल्यापासून सांगतो.

मामाने मला त्याच्या दोन जुन्या लेन्स दिल्या. एक पन्नास मिलिमीटरची, एक एकशे पस्तीसची. दोन्ही हाताने फोकस करायच्या. पन्नासची १.२ होती, म्हणजे अंधारातूनही उजेड ओढणारी. अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर बसवली, पण रिंग जड फिरत होती. मी व्हिडिओ बघून शिकलेला माणूस... उघडली. मग बंद होईना.

त्याच दिवशी घड्याळाचा पट्टा बदलायला एका दुकानात शिरलो. काउंटरमागे एक मुलगी, डोळ्याला भिंग लावलेलं. वर न बघता म्हणाली, "खिशात काय खुळखुळतंय?"

"लेन्स."

"पूर्ण?"

"जवळजवळ."

"कशाने उघडलीत?"

"चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने."

तिने भिंग काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणाचं तरी ऑपरेशन चमच्याने केलं होतं.

त्या दुकानात घड्याळं आणि कॅमेरे दोन्ही दुरुस्त व्हायचे. तिचे बाबा तिला चिमटी म्हणायचे. लेन्स चार दिवसांत झाली. मी मात्र त्यानंतरही रोज जात राहिलो. पट्टा अजून बदललेला नाही.

१.२ वर डोळ्यावर फोकस धरला की कान धूसर होऊन विरघळतो, इतकी ती धार पातळ. मला शिकवायला ती समोर बसायची. "रिंग फिरवत बसू नकोस. एकदा फोकस लाव आणि मग स्वतः पुढे-मागे झुक. पापणी टोकदार दिसली की दाब."

मी झुकायचो.

"किती जवळ येणारेस?"

"पापणी दिसेपर्यंत."

"ती मगाशीच दिसली असणार."

"डावी दिसली. उजवी राहिलीय."

ती हसली नाही. पण हलली, आणि फोटो गेला.

मग म्हणाली, "ऐक, ही लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही. हात हलला तर कॅमेरा आतून सावरतो, पण कितीची लेन्स आहे ते तू सांगशील त्या हिशेबाने. लेन्स बदललीस की आकडा बदलायचा."

"हो हो," मी म्हणालो. मी पापणी बघत होतो.

नंतर एक दिवस गच्चीवरून घारी टिपायला एकशे पस्तीसची लावली. दुसऱ्या दिवशी भोपूच्या नाटकाची रंगीत तालीम. त्याची पहिली मुख्य भूमिका, आणि पोस्टरचे फोटो माझ्याकडे. पन्नासची लावली, मंद उजेडात तीनशे फोटो काढले. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येकात दोन-दोन भोपू, दोन्ही पुसट. पोस्टरवर शेवटी नुसता पडदा छापला.

माझं डोकं फिरलं. तसाच दुकानात गेलो. तिचे बाबा होते, दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "काय करून ठेवलंस हे?"

ती फोटो मोठा करून बघत राहिली. "फोकस चुकला असता तर नाकावर, कानावर, कुठेतरी धार असती. इथे कुठेच नाही. हे हललंय. कॅमेरा दे."

"म्हणजे माझा हात वाईट?"

"कॅमेरा दे म्हणतेय ना."

नाही दिला. वर म्हणालो, "तू आपली घड्याळंच करत जा."

तिचे बाबा उठून उभे राहिले. "बाहेर," एवढंच म्हणाले.

घरी आलो आणि इथे पोस्ट टाकली. दुकानाच्या पाटीच्या फोटोसकट. तुम्ही सगळ्यांनी मान डोलावलीत.

गेल्या आठवड्यात भोपू माझ्या कॅमेऱ्याची बटणं दाबत बसला होता. "हे एकशे पस्तीस काय आहे रे? ही तर पन्नासची ना?"

मी कॅमेरा हिसकावून बघितला, तर घारींच्या दिवशी टाकलेला आकडा तसाच होता.

दुकानात गेलो. काउंटरवर फक्त घड्याळं होती. कॅमेऱ्यांचं कपाट रिकामं.

"लोक आपापले कॅमेरे परत घेऊन गेले," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"आकडा बदलायचा राहिला होता."

"माहितीये."

"मी ती पोस्ट पुसून टाकली."

तेव्हा तिने चिमटा आपटला. "पुसलीस? कोणाला विचारून? लोकांनी वाचायचं ते वाचलं. आता खरं काय ते कशाखाली लिहिणार? इतका राग येतो ना तुझा... आणि सगळ्यात जास्त कशाचा माहितीये? एवढं होऊनसुद्धा दार वाजलं की मी आधी वर बघते. भिंग न काढता. काही दिसत नाही, तरी बघते."

मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"लिहितो," मी म्हणालो. "किती लिहू?"

"सगळं. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरपासून."

"पापणीचंही?"

ती बराच वेळ हातातल्या घड्याळात बघत राहिली. ते बंद होतं.

"ते तुझं तू बघ."

तर बघतो. लेन्स बरोबर होती. चूक माझी होती, आणि ती ऐकून न घेण्याची चूक त्याहून मोठी. ज्यांनी कॅमेरे परत आणलेत त्यांनी ते पुन्हा तिच्याकडेच न्या. पाटी तुम्ही पाहिलीच आहे. आणि मला ती आवडते. चिडलेली असताना तर जरा जास्तच.

भोपूने हे सगळं आत्ता मोठ्याने वाचलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "शेवटचं वाक्य ठेवणारेस?" त्याने विचारलं.

ठेवतोय. तुम्ही शिव्या द्या, ती उत्तर देवो न देवो... भोपूला शब्द दिलाय, यावेळी पुसणार नाही.