तिकडच्यासारखी भिंत

इमोजेनच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की नजर आपोआप धुराड्याच्या भिंतीवर जाऊन बसायची आणि तिथून उठायचं नाव घ्यायची नाही. हीच गोष्ट ब्रायनीच्या डोळ्यांत खुपत होती.

हॅलिफॅक्सच्या त्या चढावरच्या गल्लीत काळपट दगडाची घरं एकमेकांना खेटून उभी होती. चौदा नंबर ब्रायनीचं, सोळा नंबर इमोजेनचं. दोघींच्या खोल्या आरशात पाहावं तशा. हिची खिडकी डावीकडे, तिची उजवीकडे. मधल्या सामाईक भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून जाळ करायच्या दोन आगट्या बसलेल्या, आणि वर छपरावर दोघींचं मिळून धुराडं एकच.

पण काय फरक! इमोजेनने ती पुढे आलेली भिंत पार छतापर्यंत शेवाळी रंगवली होती. तिच्यावर पितळी काठाचा गोल आरसा, खाली लाकडी फळीवर मुद्दाम कमीजास्त उंचीचे दोन मेणबत्तीदान, टवका उडालेल्या सुरईत वाळकी फुलं. दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत पुस्तकं, आगटीत काळी लोखंडी शेगडी आणि तिच्याशेजारी रचून ठेवलेले ओंडके. ब्रायनीच्या भिंतीला मात्र आधीच्या मालकांनी कधीकाळी फळ्या ठोकून आगटी बुजवून टाकलेली. वर मळकट पिवळा रंग, आणि त्यावर टीव्ही.

नुसत्या भिंतीचं असतं तर तिने सोडूनही दिलं असतं. पण ब्रायनी दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करायची, आणि मंगळवारी-गुरुवारी सकाळी तिची पावणेतीन वर्षांची लेक नेल इमोजेनकडे असायची. इमोजेन घरीच बसून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. तिनेच आपण होऊन म्हटलं होतं, "अगं, ठेव की माझ्याकडे. मला तरी कोण आहे?" उपकारच होते. पण दुपारी नेलला आणायला गेलं की ती आगटीपुढच्या गालिच्यावर पालथी पडलेली असायची आणि मान वळवून म्हणायची, "मम्मी, तू जा."

तू जा. एवढंसं ते तोंड, आणि एवढे मोठे दोन शब्द.

"आपण पण उघडू या ही भिंत," ब्रायनी एका रविवारी नवऱ्याला म्हणाली.

कायरन टोस्ट खात होता. "आता? अगं, शेवटी भिंतच ना ती."

"शेजारी जाऊन आ वासून बघत बसतोस, तेव्हा नाही वाटत ती भिंत?"

"मी शेजारणीची भिंत बघतो म्हणून भांडणारी तू पहिलीच बायको असशील," कायरन म्हणाला, आणि पहार शोधायला उठला.

फळ्या निघाल्या. आत विटांची कमान निघाली, काजळीने माखलेली, पण धड. धुराडी साफ करणारे मिस्टर ऑर्मरॉइड आले, दांडे जोडून आत ढकलत राहिले. "चाळीस वर्षं तरी इथे जाळ झालेला नाही," ते म्हणाले. "वर तुमच्या नळीवर झाकण बसवलंय."

"मग वीट कोमट कशी लागते?" ब्रायनीने विचारलं.

म्हाताऱ्याने हात लावून पाहिला आणि पॅन्टला पुसला. "शेजारणीची शेगडी पेटत असेल की, पोरी."

त्यानंतर ब्रायनीचं सारं आयुष्य नेलच्या दुपारच्या झोपेत मावायला लागलं. पोर झोपली की तास-सव्वा तास हातात. त्यात तिने विटा घासल्या, जुना रंग खरवडला, भेगा भरल्या. मधेच सोफ्यापाशी जाऊन त्या उघड्या ओठांवर बोट धरून श्वास पाहायची आणि पुन्हा शिडीवर चढायची. खरं म्हणजे ती भिंत पाहुण्यांसाठी नव्हतीच. या एका माणसाने इथल्या गालिच्यावर पालथं पडावं, एवढंच तिला हवं होतं.

भिंतीवर तिने तीन रंगांचे पट्टे ओढून पाहिले: विटेचा, राखेचा आणि दौतीतल्या शाईसारखा निळा-काळा. नेल उठून आली, डोळे चोळत उभी राहिली आणि तिने तिसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा. तिकडे आहे तसा."

"तिकडे हिरवा आहे, वेडाबाई."

नेलने मान हलवली. "तिकडे हा."

लहान मुलांचं काय, ब्रायनीला वाटलं. पण तिला आवडलाय ना, मग हाच. दोन दुपारी आणि दोन हात लागले. शाईच्या रंगात भिंत अशी मागे गेल्यासारखी दिसायला लागली, जणू तिच्यात अजून एक खोली आहे. कायरनसुद्धा दारातच थांबला. "बापरे. चांगलं दिसतंय गं," तो म्हणाला, जरा हळूच.

त्या गुरुवारी नेलला आणायला ब्रायनी शेजारी गेली. इमोजेनचा शेवाळी रंग गेला होता. छतापासून खालपर्यंत शाई. तोच निळा-काळा.

ब्रायनी ओठ ताणून गोड हसली. "अय्या, तू पण?"

"हो ना, म्हटलं बदलावा," इमोजेनही हसली. दोघींच्या हसण्यात दात जरा जास्तच दिसत होते.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच नेलपुढे बसकण मारली. "तू सांगितलंस का गं तिला? आपल्या रंगाचं?"

"नाही," नेल म्हणाली. खोटं बोलायचं वयच नव्हतं तिचं.

आता ब्रायनी इरेला पेटली. पुढची गोष्ट अशी करायची की त्या चित्रकारणीच्या स्वप्नातही येणार नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून तिने पांढरे छोटे चिनी मातीचे जग आणले, दुधाचे, सायीचे, जमतील तेवढे, आणि फळीवर एका रांगेत मांडले. शाईवर पांढरं उठून दिसत होतं. नेल खुर्चीवर चढली आणि शांतपणे एकेक जग उचलून फिरवायला लागली. सगळ्यांच्या चोची भिंतीकडे, कान खोलीकडे.

"असं का, राणी?"

"तिकडे असंच असतं. तिला ओतता आलं पाहिजे ना."

शहाण्या घरात कोणी जग असे ठेवत नाही. पण नेल दोन पावलं मागे सरून भिंतीकडे अशी पाहत होती, की ब्रायनीने एकही परत फिरवला नाही. पोर खूश होती. गालिच्यावर पालथी पडली होती. आपल्या गालिच्यावर.

मग नेलला ठकठक करायचा नाद लागला. ब्रायनीची आजी सांगायची की पूर्वी या घरांतल्या बायका आगटीच्या मागच्या विटांवर निखारे सारायच्या सळईने ठोकून शेजारणीला बोलवायच्या. दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय. तीन म्हणजे असशील तशी ये. ब्रायनीने ते गंमत म्हणून सांगितलं, तर नेल दिवसभर लाकडी चमचा घेऊन आगटीत बसायला लागली. ठक, ठक. थोड्या वेळाने पलीकडून उत्तर यायचं. ठक, ठक. इमोजेनला किती तो उत्साह, ब्रायनी भांडी घासता घासता दातओठ खायची. माझ्या घरात, माझ्या भिंतीतून पण हिची घुसखोरी.

पुढच्या मंगळवारी तिने दारातूनच पाहिलं. इमोजेनच्या फळीवर पांढरे जग होते. एका रांगेत. चोची भिंतीकडे.

तिने तिथूनच नेलचा हात धरला. नेलला घरी आणून, भरवून, सोफ्यावर झोपवलं. अंगावर पांघरूण घातलं, बाळाचा आवाज ऐकवणारं ते छोटं यंत्र खिशात टाकलं, दाराला कुलूप घातलं आणि शेजारची घंटा दाबली. दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत लख्ख ऊन पडलं होतं.

"आलीस? बरं झालं," इमोजेन म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "मलाच यायचं होतं. ब्रायनी, राग मानू नकोस, पण आता हे बास."

"काय बास?"

"हे मिरवणं. मी तुझी नक्कल केली म्हणून."

ब्रायनीला हसूच फुटलं. "मग, केली नाहीस? अगं, रंग मी आधी लावला, जग मी आधी आणले—"

"जग मी ऑगस्टमध्येच जमवायला घेतले. नेलने सांगितलं तेव्हा." इमोजेन आत वळली. ब्रायनी तिच्यामागे गेली. "आणि हो, तुझ्याकडचंच समजून. कबूल. ती म्हणाली, तिकडे काळी-निळी भिंत आहे, तिकडे पांढरे जग आहेत, उलटे. मला वाटलं, तुझ्याकडे; मी कुठे कधी आलेय तुझ्या खोलीत? मागवलेला रंग उशिरा आला, म्हणून माझं मागून दिसलं, इतकंच. पण मग तू 'अय्या, तू पण?' म्हणत माझ्यासमोर मिरवायला लागलीस—"

"ऑगस्टमध्ये?"

"हो."

"ऑगस्टमध्ये माझ्या भिंतीवर टीव्ही होता, इमोजेन. फळ्या सप्टेंबरात काढल्या आम्ही."

इमोजेनने फळीवरच्या जगांकडे पाहिलं. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकून थांबला.

"आणि मला ती म्हणायची, तिकडे," ब्रायनी हळू म्हणाली. "मी समजले, तुझ्याकडे."

इमोजेन खुर्चीच्या हातावर टेकली. एकदम थकलेली दिसली. "तू का केलंस ते सगळं, ती सांगेल तसं?"

"तिला माझ्याकडे करमावं म्हणून. माझीच पोर, आणि मला म्हणते, तू जा."

"मलाही म्हणते," इमोजेन म्हणाली. "माझ्याकडे आली की पाठ फिरवून आगटीकडे तोंड करून बसते. मला वाटलं, तुझ्याकडच्यासारखी खोली केली तर वळेल. लाज वाटते सांगायला, पण हेवा वाटायचा मला तुझा. जळायचेच म्हण ना."

दोघी भिंतीकडे पाहत राहिल्या. शाई, पांढरे जग, काळी शेगडी.

"तुझ्या शेगडीने माझ्या विटा गरम होतात," ब्रायनी म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"ही पेटत नाही. शोभेची आहे. आत मेणबत्त्या लावते मी कधीतरी."

"आणि ठोके? नेलच्या ठोक्यांना—"

"कसले ठोके?"

तेवढ्यात ते ऐकू आले. लांबून, हलके, लाकडी चमच्याचे. नेल उठली होती. ठक, ठक, ठक.

तीन.

आणि मग उत्तर. तेही तीनच. पण ते लांबून आलं नाही, आणि या खोलीतूनही आलं नाही. दोन खोल्यांच्या मधून आलं, जिथे फक्त विटा होत्या.

ब्रायनीच्या खिशातलं यंत्र खरखरलं. नेल हसत होती, कोणी गुदगुल्या केल्यावर हसते तशी. मग तिचा झोपाळलेला, लाडात आलेला आवाज आला.

"आता हा हात."

ब्रायनी धावली. कुलपाला किल्ली लागेना. इमोजेनने तिच्या हातातून घेऊन लावली.

खोली जशीच्या तशी होती. खिडक्या बंद, मागचं दार आतून कडी लावलेलं. पडद्यातून ऊन येत होतं. नेल आगटीसमोर गालिच्यावर पाय पसरून बसली होती, गाल गुलाबी, चमचा बाजूला. तिने मान वळवून आईकडे पाहिलं आणि या वेळी 'तू जा' म्हणाली नाही. पाहुण्या बाईला बघून हसावं, तशी हसली.

ब्रायनीने तिला उचलून छातीशी धरलं. घट्ट. मानेला नाक लावलं. साबणाचा वास, झोपेचा वास, आणि थोडी काजळी.

"कुठे लागलं का? ब्रायनी, बघ तिला," दारातून इमोजेन म्हणाली.

ब्रायनीने तिचे हात पाहिले. सकाळी बूट चढवताना नेलच्या नखांनी ब्रायनीच्या मनगटावर ओरखडा काढला होता. शनिवारी कापू, असं तिने ठरवलं होतं. कात्री दिसली तरी पोर घर डोक्यावर घ्यायची, म्हणून झोपेत एकेक बोट धरून कापावी लागायची. दोन नखं एका दिवशी, तीन दुसऱ्या.

दहाही नखं कापलेली होती. एकसारखी, गोल, कुठे कोपरा नाही की बोचरी कड नाही. तिला स्वतःला इतकी नीट कधी जमली नव्हती.

तिने एक बोट उजेडात धरलं. कड कात्रीची नव्हती. जुन्या बायका तान्ह्या बाळांची नखं दातांनी कुरतडून काढायच्या, तशी होती.

बोटांची टोकं अजून ओली होती.