एकच गिऱ्हाईक

मी डिकीत डोकं घालून केकचा रिकामा खोका ठेवत होते, तेवढ्यात शेजारून दुसरं डोकं आत आलं.

"जरा सरकता? मला वीत टाकून बघायचीय."

मी सरकले नाही. चिंचोटी फाट्याजवळच्या त्या जुन्या गाड्यांच्या यार्डात सकाळपासून डिक्या उघडत होते. जी उघडावी तिच्यात सीएनजीची टाकी. ही एकटी पांढरी तेवढी पेट्रोलची, डिकी मोकळी. नव्या गाडीसाठी शोरूमला जाऊन आले होते. तिथे गाडी विकतच नाहीत, वेटिंग विकतात, आणि वर भाव असा सांगतात की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

"मी आधी आलेय," मी म्हटलं.

"मी आधी फोन केला होता."

"फोनवर डिकी दिसते?"

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. ती मला दिसायला नको होती... पण दिसली.

खोक्याच्या शेजारी उरलेल्या जागेत त्याने वीत टाकली, मग चार बोटं. "स्पीकर मावतोय," स्वतःशीच म्हणाला. "लग्नात वाजवतो आम्ही. ट्रम्पेट माझा, आणि स्पीकरची हमाली पण माझीच. मी सॅमी. तुमच्या खोक्यात काय?"

"केक. तीन मजली. चंदनसारला घरी बनवते. तिथून वसईच्या गावांत न्यायचा, रिक्षाने."

तो हळूच म्हणाला, "गिरीज गावच्या लग्नात... मे महिन्यात... तो वाकडा केक तुमचा?"

माझे कान तापले. "हो, माझाच. रेल्वेवरच्या पुलाच्या प्रत्येक सांध्यावर रिक्षा उडते, त्यात केक काय करणार? नवरीची आई सगळ्यांदेखत म्हणाली, घरगुती म्हटल्यावर असंच असायचं."

"आम्ही ऐकलं ते. म्हणून तर एकच गाणं परत परत वाजवत बसलो. तुम्ही मागे क्रीम लावत होता तोपर्यंत."

"मला वाटलं, तुमच्या बँडला एकच गाणं येतं."

आता आम्ही दोघंही हसलो. डिकीचं झाकण वर आणि खाली आम्ही दोघं. पण गाडी एकच होती. नाताळ झाला की भुईगावच्या लग्नाचा केक पोचवायचा होता. तोही पडला असता तर कुणी मला पावसुद्धा सांगितला नसता.

यार्डाचे मालक जयवंतशेठ हात चोळत आले. "दोघांनाही पसंत? वा. मग काय, जो जास्त बोलेल त्याची."

अजून कुणी काही बोललंही नव्हतं, तरी भाव चढला. सॅमीने माझ्या खोक्याची दुसरी बाजू धरली आणि शांतपणे म्हणाला, "दोघं कुठे, शेठ? आम्ही एकाच घरचे. ही माझी मिसेस."

मी त्याच्या डोक्यात खोका घालणार होते. पण शेठचा चेहरा असा उतरला, आणि चेहऱ्याबरोबर भावही, की म्हटलं, होऊ दे थोडा वेळ लग्न.

"वहिनी, तुम्ही सीट कव्हरचा रंग बघा," शेठ म्हणाले. "साहेब आणि मी कागदाचं बघतो."

चावी त्यांनी सॅमीच्या तळहातावर ठेवली. "साहेब, नाव काय लिहू?"

मी सॅमीकडे बघितलं. आता सांगेल... आता... तो चावीकडे बघत होता. शेठने आधार कार्ड मागितलं आणि सॅमीचा हात खिशाकडे गेला.

मी खोका उचलला आणि बाहेर पडले.

हायवेच्या धुळीत तो मागून आला. "ज्ञानदा, ऐका—"

"माझं नाव कुठून कळलं?"

"खोक्यावर छापलंय."

"तू गप्प राहिलास." तुम्ही-बिम्ही तिथेच संपलं.

"राहिलो."

"का?"

"गाडी हवी होती मला." नजर न चुकवता म्हणाला. "दुसरं काही कारण नाही. सांगितलं तर खोटं होईल."

निदान खरं बोलला. पण माझा राग त्याच्या एकट्यावर नव्हताच. बँकेत विचारलं, मिस्टर काय करतात? घरी पप्पा म्हणाले, बाईमाणसाला गाडी कशाला? शोरूममधल्या पोराने माहितीचा कागद माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दिला. आणि आता हा.

"ऐक," मी म्हटलं. "मला लुटणारा परवडतो. त्याच्याशी भांडता येतं. माझ्या बाजूला उभा राहून गप्प बसणारा मला परवडत नाही."

तो वळून आत गेला. मला वाटलं, गेला गाडी घ्यायला. मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले, बघायचंच होतं म्हणून.

त्याने चावी टेबलावर ठेवली. "शेठ, गाडी या घेतायत. मी यांचा कोणी नाही."

शेठच्या डोळ्यांत चमक परत आली. "म्हणजे गिऱ्हाइकं दोन. मग मघाचा भाव—"

"एकच गिऱ्हाईक आहे. मला गाडी नको."

"साहेब, नवीन घ्यायला जाल तर पुढच्या गणपतीपर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो," तो म्हणाला. हे उत्तर शेठला होतं, पण बघत होता माझ्याकडे.

मी आत गेले. मघाशी उतरलेल्याच भावात गाडी घेतली. शेठने माझं नाव चुकीचं लिहिलं, ते खोडून परत लिहायला लावलं.

नाताळनंतरच्या शनिवारी मी आणि सॅमी भुईगावला निघालो; तिथे बँड त्याचाच होता. चर्चमधली मिस्सा संपायच्या आत केक मांडवात हवा होता. डिकीत केक, केकला टेकून स्पीकर, मध्ये त्याच्या आईची जुनी गोधडी. एवढ्या दिवसांत तो 'गोधडी मावते का बघू' म्हणून दोनदा येऊन गेला होता. गोधडीला कसली मापं लागतात... पण मी विचारलं नाही. ट्रम्पेट मांडीवर घेऊन तो शेजारी बसला होता.

पुलाच्या पहिल्या सांध्यावर मी गाडी अगदी हळू केली. मागून हॉर्न सुरू झाले. वाजवू देत.

"त्या दिवशी मी म्हणालो ना," तो समोर बघत बोलला, "मी यांचा कोणी नाही..."

"हं."

"तेव्हा खरं होतं ते."

"आणि आता?"

"आता..." दुसरा सांधा आला. त्याचा हात आपोआप मागे गेला, केक धरायला, जणू तिथपर्यंत पोचणारच होता. "आता ते वाक्य मागे घ्यावंसं वाटतंय. आपल्याबद्दल आईशी बोललोय मी. चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी विचारलंन, केकमध्ये अंडं घालते का ती."

"माझे पप्पा चार दिवसांत आटोपणार नाहीत."

"माहीत आहे."

"तुझ्या गावात बोलतील, माझ्या सोसायटीत बोलतील."

"बोलू दे."

पूल संपत आला. उजवीकडे केळीच्या बागा दिसायला लागल्या. मी म्हटलं, "गाडीच्या कागदावर नाव माझंच राहील."

"राहू दे की. स्पीकरला काय फरक पडतो?"

"आणि माझ्या कागदांवरही माझंच राहील. उद्या काहीही झालं तरी."

मी वाट बघत होते. हा माणूस गप्प राहू शकतो, हे मला माहीत होतं.

"राहील," तो म्हणाला. लगेच.

मांडवात केक सरळ उभा राहिला. बँडने ते गाणं वाजवलं... एकदाच.