करंजाला एकटीच

"मॅडम, बाबाला पायरी कशी चढवायची, जरा दाखवाल?"

नवीन पनवेलच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये खुर्चीत बसलेल्या कीर्तीने वर पाहिलं. उन्हाने रापलेला एक तरुण होता, आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून उभे असलेले त्याचे वडील. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू." ती उठली आणि डावा पाय ओढत स्वतःच पायरी चढली.

तो ओशाळला. "तुमी... डॉक्टर नाय?"

"पेशंट. सव्विसाव्या वर्षीच स्ट्रोक... घाई जरा जास्तच झाली."

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी तिच्याकडे बघून कीव न करता हसलं होतं.

त्याचं नाव कुंदन. उरणजवळच्या करंजाचा कोळी. त्याचे वडील, धर्मराज, व्यायामाला कंटाळायचे. पण कीर्ती शेजारी असली की निमूट हात उचलायचे. मग ते बाकावर विसावले, की कुंदन तिच्यासोबत सेंटरसमोरच्या तलावाकाठी चालायचा.

"मी हळू चालते म्हणून तुम्ही पण रेंगाळता?"

"लवकर पोचून काय करू?" मग स्वतःची बाही हुंगत, "मासळीचा वास येतो ना माज्या कपड्यांना?"

"येतो."

"मग?"

"मग काय... सवय झाली." तिने मान वळवली. कान मात्र लाल झाले होते.

आणि एके दिवशी दोघंही आले नाहीत. सेंटरमध्ये कळलं, धर्मराजांना दुसरा झटका आला होता. त्यातच ते गेले. कुंदन फोन उचलेना.

कीर्ती आजारपणानंतर प्रथमच एकटी एसटीत चढली. करंजाला त्याच्या आईने, रंभाबाईंनी, तिला जवळ बसवलं. "तुजं नाव लय घ्यायचे ते," त्या म्हणाल्या.

कुंदन तिला सोडायला स्टॉपपर्यंत आला.

"तू आवडतेस मला. लय. पन बाबा माज्या हातांवर गेला, कीर्ती. परत तसं... नाय बघवणार मला."

गोळ्या, व्यायाम, डॉक्टरांनी दिलेला धीर... सगळं तिच्या ओठांवर आलं. पण खोटं बोलवेना.

"परत होणारच नाही, असं मी नाही सांगू शकत," ती म्हणाली.

त्याने डोळे पुसले. एसटी आली.

"रागावलीस?"

"नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं."

ती खिडकीशी बसली. गाडी वळली तरी तो तिथेच उभा होता. मग तिने आपला अधू हात मांडीवर, दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि पनवेल येईपर्यंत रडत राहिली.