पापडाचा डबा

टिकारामला सायकल भिंतीला टेकवायचंही भान नव्हतं. ती आनंदरावांच्या व्हरांड्यासमोर धाडकन आडवी झाली आणि शामरावांच्या बशीतला चहा त्यांच्याच धोतरावर सांडला.

"चंपतनं एकदाणी नेली," टिकाराम म्हणाला. "कुठी इकली ते सांगत नाई. आनंदराव, तेवढं काढून द्या. सांजच्याले त्याले ठान्यात नेतो."

आनंदराव रेल्वे पोलिसातले जुने जमादार. पेन्शन घेऊन ते भिलाईत लेकाकडे आले, तेव्हा पोलाद कारखान्याची दुसरी भट्टी अजून उभी राहायची होती. ज्यांना ठाण्याची पायरी चढायची नसे, ते आनंदरावांची चढत. शामराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. सुटीच्या दिवशी ते आनंदरावांच्या शोधात हौसेने लुडबुडत आणि प्रत्येक वेळी ठाम चुकत.

चंपत हा टिकारामचा मेहुणा. भंडाऱ्याकडून आलेला, कंत्राटदाराकडे रोजीवर, राहायला बहिणीकडे. टिकारामच्या आईची सोन्याची एकदाणी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलेली होती. मार्गशीर्षात लेक रत्नमालाच्या लग्नात ती तिच्या गळ्यात घालायची, हे ठरलेलं. दिवाळी झाली आणि डब्यात नुसती डाळ उरली.

"आणि दिवाळीत तुमच्याकडे पत्ते होतेच," आनंदराव म्हणाले.

टिकारामने मान खाली घातली. घरातच चार दोस्त, चार-चार आणे. दिवाळीत जो खेळत नाही तो पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात. शामरावही त्या सतरंजीवर बसत असत, म्हणून त्यांनीही मान खाली घातली. गाढवाचा जन्म चुकवण्याच्या नादात ते हल्ली एकही सुटी सोडत नव्हते.

टिकारामच्या क्वार्टरमध्ये चंपत कोपऱ्यात बसला होता. गालावर बोटं उमटलेली. आनंदरावांनी त्याला हळूच विचारलं, एकदाणी कुठून काढली?

"पेटीतून," चंपत म्हणाला. "मीच नेली. आता कावून इचारता? द्या मले ठान्यात."

शामरावांना वाटलं, संपलं. चोराने कबुली दिली, आता चहा घ्यावा आणि निघावं. पण आनंदराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले आणि टिकारामच्या बायकोशी, पंचफुलाशी बोलू लागले.

तिचे डोळे सुजले होते. पत्त्यांना आपण कधी हात लावला नाही, तो पुरुषांचा नाद, असं तिने सांगितलं. भाऊ दिवाळीच्या डावात हरला का, असं विचारल्यावर मात्र ती एकदम चिडली.

"हारन नाई तं काय होईल? मी चहा देऊन राहिली होती, मले दिसलं. बदामाची राणी, इस्पिकची राणी, दोन-दोन राण्या हाती असून पत्ते फेकून देल्ले त्यानं. अक्कल नाई."

बहिणीची माया, असं मनाशी म्हणून शामराव चहाची वाट पाहू लागले. चहा आला. आनंदरावांनी सोबत भाजलेला पापड मागितला. पंचफुला गोंधळली, घरात पापड नव्हता. रोज दुपारी आम्ही बाया मैनाबाईकडे लग्नाचे पापड लाटतो, सगळे तिकडेच आहेत, असं ती म्हणाली.

ओळीच्या टोकाला मैनाबाईचं क्वार्टर. तिचा नवरा शिफ्टवर होता. अंगणात उन्हात बाज होती, पण मोकळी. मैनाबाई गोड बोलली, एकदाणीबद्दल हळहळली, पापडाचं नाव काढताच मात्र आज ऊन नाही म्हणाली. शामराव घाम पुसत होते. त्यांच्याही घरी यंदा पापड आला नव्हता. त्यांची बायको शेवंता रोज पोळपाट घेऊन इकडेच येई. बिचारीने दिवाळीत नथही घातली नव्हती. लाल खडा शामरावांनी स्वतः लाखेने बसवला, तो वाकडा बसला, म्हणून नथ सोनाराकडे गेली होती ती अजून आली नव्हती.

परत आल्यावर आनंदरावांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"टिकारामभाऊ, एकदाणी डाळीच्या डब्यात होती. चंपत म्हणतो, पेटीतून काढली. ज्याने नेली त्याला जागा माहीत असते. हा पोरगा कोणासाठी तरी मार खाऊन राहिला."

चंपतने तोंड फिरवलं.

"तुमच्या सतरंजीवर सरदारजी असतात, तेलुगू फिटर असतो. शामराव, तिथे त्या राणीला काय म्हणता?"

"पान की बेगम," शामराव म्हणाले. "इस्पिकला हुकुम."

"बरोबर. तिथे सगळा कारभार हिंदीत. बदाम आणि इस्पिक त्या सतरंजीवर कोणी म्हणत नाही. मग पत्त्याला हात न लावलेल्या वहिनी ही नावं कुठे शिकल्या? दोन राण्या आल्या की पत्ते टाकायचे नसतात, हे कुठे शिकल्या? जिथे सगळ्या मराठी बाया बसतात तिथे, मैनाबाईकडे. रोज लाटतात, पण ना बाजेवर पापड, ना घरात."

टिकाराम बायकोकडे बघतच राहिला. तिचा भाऊ तिच्यासाठी चोर झाला होता आणि ती चहा करत होती.

"पुढच्या डावात परत येईल वाटलं," पंचफुला म्हणाली. मग ती भावापुढे बसली आणि त्याच्या सुजल्या गालाला हात लावून रडली. "घे ना भाऊ, मले मार."

आनंदराव स्वतः जाऊन मैनाबाईला घेऊन आले. तिने पापडाचा डबा आणून ठेवला. म्या कोनाच्या हाताले धरून बसवलं नाई, एवढंच ती म्हणाली.

डब्यात वर एकदाणी होती. खाली ओळीतल्या घराघरातलं निघालं. पैंजण, जोडवी, तान्ह्या पोराचे चांदीचे वाळे. शामराव कौतुकाने वाकले. तळाशी एक नथ होती. तिचा लाल खडा वाकडा बसलेला होता.

आनंदरावांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली. "शामराव, घरी आवाज चढवू नका. पत्ते या ओळीत पहिले आपणच आणले."

शामराव घरी पोचले तेव्हा शेवंता पोळपाट काखेत धरून दारातच उभी होती.

"मैनाबाईकडे जाऊन राहिली," ती म्हणाली. "पापड लाटाले."

शामरावांनी मूठ उघडली. तिने नथ पाहिली, आणि काखेतला पोळपाट खाली ठेवला. त्याला पिठाचा कणही लागलेला नव्हता.